पोरा, नऊ टेकड्या आणि आबांचा शेअर दाखला

पहिला घोट घेतला आणि मला केळीचा चीक आठवला.

केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला हा चीक सांगावा लागत नाही. कच्चा घड कापताना तो हाताला लागतो, शर्टावर पडला की डाग आयुष्यभर जात नाही. लहानपणी पैज लावून आम्ही तो जिभेला लावायचो. जीभ आकसते, हिरड्या कोरड्या पडतात, कुणी तोंडात खडूची भुकटी भरल्यासारखं वाटतं. इटलीच्या वायव्येला बार्बारेस्को नावाच्या गावात, नोव्हेंबरच्या धुक्यात, एका स्वयंपाकघरात बसून मी लाल वाइनचा पहिला घोट घेतला आणि जिभेनं थेट रावेर गाठलं.

मी तेव्हा तुरिनमध्ये शिकत होतो. माझा रूममेट त्या गावचा. त्याचे आजोबा, म्हणजे त्याचे 'नोन्नो', द्राक्ष बागायतदार. सुट्टीत तो मला घरी घेऊन गेला होता. जेवणाआधी नोन्नोंनी तीन बाटल्या काढल्या. एक २०१६ची, एक २००८ची आणि एक १९९६ची. तिन्हींवर एकच नाव होतं: प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को. मी रूममेटला अर्थ विचारला. तो म्हणाला, "बार्बारेस्कोचे उत्पादक. सोसायटी आहे ती. नोन्नो सभासद आहेत."

सोसायटी! सभासद! हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आलोय, पण ते कधी वाइनच्या बाटलीवर भेटतील असं वाटलं नव्हतं.

तीन ग्लास

आधी चवीचं सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्या चवीतूनच निघाला.

ही वाइन नेब्बिओलो नावाच्या द्राक्षाची. इटालियनमध्ये 'नेब्बिआ' म्हणजे धुकं. हे द्राक्ष फार उशिरा, ऑक्टोबरमध्ये पिकतं, तेव्हा त्या टेकड्यांवर धुकं उतरलेलं असतं. नाव त्यावरून पडलं असं तिथं सांगतात. रंग बघून फसायला होतं. लाल वाइन म्हणजे गडद जांभळी अशी आपली कल्पना. ही मात्र ग्लासातून पलीकडचं बोट दिसेल इतकी फिकी. पण तुरट! तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो.

२०१६ची तीच, चीकवाली. २००८चीनं जीभ तेवढी आवळली नाही. तुरटपणा होता, पण कडेला सरकलेला. १९९६चीचा रंग पार बदललेला, कडेला विटकरी, भिजवलेल्या आमसुलाच्या पाण्यासारखा. वास घेतला तर वाळलेल्या गुलाबपाकळ्या, थोडं डांबर, पावसानंतरची माती, जुन्या चामड्याची चप्पल. चव मात्र मऊ. पंचवीस वर्षांत चीक गेला होता आणि पिकलेपण आलं होतं. बाटलीच्या तळाशी गाळ बसला होता. नोन्नोंनी शेवटचा दोन बोटं भाग ओतलाच नाही, तसाच राहू दिला.

ही वाइन टिकवायची रीतही जुनी आहे. मोठमोठ्या लाकडी पिंपांत ती मुरते. कायद्यानं बार्बारेस्को किमान २६ महिने मुरवावी लागते, त्यातले ९ महिने लाकडात. 'रिझर्वा' म्हणायची असेल तर ५० महिने. म्हणजे आज द्राक्षं दिली तर रिझर्वा चार वर्षांनी बाजारात. मी हिशेब केला: आमच्या मृगबागेच्या केळीला लावणीपासून कापणीपर्यंत जेमतेम वर्ष लागतं आणि कापणीच्या दिवशी भाव पडला तर घड झाडावर ठेवताही येत नाही. चार वर्षं थांबायला शेतकऱ्याला कोण पैसे देणार?

नोन्नोंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. चौकात जुना बुरूज, त्याच्याजवळ चर्च आणि समोर सोसायटीची इमारत.

पाद्री आणि एकोणीस शेतकरी

गोष्ट १८९४ची. जवळच्या आल्बा गावात द्राक्षशेतीचं सरकारी विद्यालय होतं. त्याचे संचालक दोमित्सिओ काव्हात्सा बार्बारेस्कोत राहायचे. त्या काळी तिथली नेब्बिओलो द्राक्षं शेजारच्या प्रसिद्ध बारोलो वाइनसाठी विकली जायची. माल बार्बारेस्कोचा, नाव बारोलोचं. काव्हात्सांनी नऊ बागायतदार एकत्र केले आणि आपल्या मालकीच्या गढीत सामाईक वाइन बनवायला सुरुवात केली. बाटलीवर गावाचं नाव आलं. पुढे १९३०च्या दशकात फासिस्ट राजवटीच्या आर्थिक धोरणांत ही सोसायटी बंद पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या टेकड्या गरीब होत्या. तरुण पोरं तुरिनला मोटारींच्या कारखान्यात निघून जात होती. द्राक्षांचा भाव व्यापारी ठरवायचे. १९५८मध्ये गावचे पाद्री दोन फिओरीनो मारेन्गो यांनी एकोणीस छोट्या शेतकऱ्यांना बसवलं आणि सोसायटी पुन्हा उभी केली. इमारत नव्हती, म्हणून पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात बनली.

आज पन्नासच्या वर कुटुंबं सभासद आहेत आणि मिळून सुमारे ११० हेक्टर बाग आहे. म्हणजे घरटी सरासरी पाच एकर. हा आकडा ऐकून मी नोन्नोंकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. आमच्या आबांकडे सहा एकर आहे.

ही लाट आपल्याकडेही आली होती

योगायोग बघा. काव्हात्सा बार्बारेस्कोत नऊ शेतकरी जमवत होते, साधारण त्याच वेळी मद्रास सरकारचे एक अधिकारी फ्रेडरिक निकल्सन युरोपातल्या शेतकरी पतपेढ्यांचा अभ्यास करून अहवाल लिहीत होते. १८९५ आणि १८९७ अशा दोन खंडांत तो आला. त्यांच्यासमोर दोन मोठे नमुने होते: जर्मनीतल्या राइफायझन यांच्या खेड्यातल्या पतसंस्था आणि इटलीत लुइजी लुत्सात्ती यांनी उभ्या केलेल्या लोकबँका. लुत्सात्तींनी १८६५मध्ये मिलानमध्ये अशी बँक काढली होती. पुढे ते इटलीचे पंतप्रधानही झाले. निकल्सनांच्या अहवालानंतर १९०४मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे (त्यातून १९९८मध्ये नंदुरबार निघालं). त्यानंतरच्या दशकांत गावोगाव सोसायट्या निघाल्या.

स्वातंत्र्यानंतर मोठी उडी साखरेची. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. त्याच वाटेनं पुढे खानदेशातही कारखाने आले. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीसाठी फ्रूटसेल सोसायट्या होत्या. रावेर, निंभोरा, सावदा या स्टेशनांवरून केळीच्या वॅगनी भरून दिल्लीकडे जायच्या. आमचे आबा अशाच एका फ्रूटसेलमध्ये पंधरा वर्षं हिशेब लिहायचे. गळ्यात तुळशीची माळ, खिशात शाईचं पेन.

म्हणजे आबा आणि नोन्नो एकाच लाटेवरची माणसं. मग नोन्नोंच्या सोसायटीची बाटली जगभर जाते आणि आबांच्या पेटीत १९७४चा एक शेअर दाखला नुसता पिवळा होत पडतो, असं का? तो दाखला ज्या कारखान्याचा, तो आता बंद आहे. त्याचं नाव इथं लिहीत नाही. खानदेशात अशा बंद धुरांड्यांना तोटा नाही. आबांचं शेवटच्या हंगामाचं उसाचं बिल कधी आलं नाही.

दानदेशाची दारू

कुणी म्हणेल, वाइनची आणि आपली तुलनाच चुकीची. इटलीत जेवणासोबत वाइन असते, आपल्याकडे दारू म्हणजे पाप. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण खानदेशाचा दारूशी संबंध बराच जुना आहे.

१६०१मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि खानदेश शहजादा दानियालकडे दिला. त्याच्या नावावरून सुभ्याचं नावच 'दानदेश' ठेवलं. दानियालला दारूचं व्यसन. बापानं बंदी घातली, पहारे बसवले. तेव्हा त्यानं आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीत दारू भरून आणायला नोकराला सांगितलं. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश त्यात उतरला. १६०५मध्ये तो बऱ्हाणपुरात मेला, तिशीतच. हा किस्सा त्याचा भाऊ जहांगीर यानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण आमच्या केळीचा भाव अजूनही रोज सकाळी तिथल्या बोर्डावर बघितला जातो.

ही झाली दरबाराची दारू. लोकांची दारू सातपुड्यात होती आणि ती मोहाची. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहाची फुलं गळतात, बायका-पोरं ती टोपल्यांत वेचतात. वाळवायची, पाण्यात आंबवायची, मग मडक्यात उकळून वाफ थंड करून गाळायची. भिल्ल आणि पावरा समाजात जन्म, लग्न, पूजा, मरण, कुठलंच कार्य तिच्याविना होत नाही. पहिली धार जमिनीला, देवाला. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे माझे मामा शाळामास्तर होते, त्यांनी वाड्यावस्त्यांवर ही चाखलेली. विषय निघाला की ते हळहळतात, "तशी आते कोठे भेटस भाऊ!"

१८७८मध्ये मुंबई अबकारी कायदा आला. घरी गाळणं गुन्हा ठरलं. दारू सरकारी परवान्याच्या भट्टीत गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकायची. सरकारला महसूल हवा होता. जी गोष्ट रानातून फुकट मिळत होती, ती आता रोख पैशानं किंवा उधारीवर घ्यायची वेळ आली आणि दारूचं दुकान, सावकार, गहाण पडलेली जमीन अशी साखळी तयार झाली.

याला आदिवासींनीच उत्तर दिलं. १९२२-२३मध्ये दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम खानदेशात देवीची चळवळ पसरली. अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून देवी सांगायची: दारू सोडा, दारू विकणाऱ्याकडे कामाला जाऊ नका. १९३७-३८मध्ये तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो लोक जमायचे. तिथंही सांगणं तेच. १९७०च्या दशकात शहाद्यात श्रमिक संघटनेच्या बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. त्या सगळ्यांचा राग चवीवर नव्हता. घरातला पैसा आणि हातातली जमीन घेऊन जाणाऱ्या धंद्यावर होता.

दरम्यान १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे. कायद्यानं पिण्यासाठी परवाना लागतो. गंमत म्हणजे याच राज्यात सहकारी साखर कारखान्यांच्या मळीपासून लाखो लिटर मद्यार्क बनत राहिला. शेतकऱ्याच्या सहकारातून दारू निघत होतीच, फक्त ती निनावी होती. बाटलीवर गाव नाही, शेत नाही, वर्ष नाही.

द्राक्षाच्या वाइनला महाराष्ट्रानं २००१मध्ये वेगळं धोरण दिलं. खानदेशापासून रेल्वेनं तीन-चार तासांवर नाशिकला वाइन उद्योग वाढला, पण मुख्यतः खासगी कंपन्यांच्या रूपात. शेतकरी तिथं बहुतेक द्राक्ष पुरवणारा.

एकच भाव

जेवणानंतर मी नोन्नोंना आबांच्या वतीनं प्रश्न विचारला: "भाव कसा ठरतो?"

ते खुलले. त्यांना चवीबद्दल बोलायचा कंटाळा आला असावा. म्हणाले, नियम दोन. पहिला, सभासदानं आपली सगळी नेब्बिओलो सोसायटीलाच द्यायची. चांगला माल व्यापाऱ्याला आणि उरलेला सोसायटीला, हे चालत नाही. दुसरा, प्रत्येकाच्या द्राक्षांची तपासणी वेगळी. साखर किती, प्रत कशी, त्यावर त्याचा भाव. शेजाऱ्याची बाग चांगली पिकली तर त्याला जास्त.

मला ऊस आठवला. आपल्याकडे साखरेचा उतारा मोजतात तो अख्ख्या कारखान्याचा. त्यावर टनाचा भाव ठरतो आणि तो सगळ्यांना सारखा. त्यामागे न्यायाची कल्पना आहे, हे मान्य. दोन एकरवाल्याला आणि चाळीस एकरवाल्याला एकच दर, हे त्या काळी मोठंच काम होतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की उत्तम ऊस पिकवणाऱ्याला त्याचं काहीच मिळत नाही. वजन वाढवा, एवढाच संदेश शेतापर्यंत पोचतो. आणि गाळपाला तोड कुणाची आधी येणार, हे ठरवण्यात मग राजकारण शिरतं. खानदेशातल्या कुठल्याही पारावर याबद्दल तासभर ऐकायला मिळेल.

सोसायटी हुशार असायला इटालियन असावं लागतं, असं मला म्हणायचं नाही. बार्बारेस्कोचं गाव लहान, पीक एक, सभासद पन्नास. आपल्या कारखान्यांचे सभासद हजारोंनी, त्यांच्यावर आमदारकी अवलंबून. पण हिशेबाची एक वही वेगळी लिहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आणखी एक गोष्ट. १९६७पासून ही सोसायटी चांगल्या वर्षी नऊ टेकड्यांची वाइन वेगवेगळी भरते: आझिली, राबाया, ओवेल्लो, पाये, मोन्तेफिको, मोन्तेस्तेफानो, मुनकागोता, रिओ सोर्दो, पोरा. प्रत्येक बाटलीवर टेकडीचं नाव, किती बाटल्या भरल्या तो आकडा आणि त्या टेकडीवरच्या बागमालकांची नावं. वर्ष वाईट गेलं, तर नऊ नावं छापतच नाहीत. २००२मध्ये पावसानं आणि गारपिटीनं हंगाम बिघडला, तेव्हा सगळ्या टेकड्यांची द्राक्षं एकाच साध्या बार्बारेस्कोत गेली. नोन्नो म्हणाले, "त्या वर्षी पैसे कमी मिळाले, पण नाव राहिलं." हे सांगताना ते फार आनंदी दिसत नव्हते. पैसे कमी मिळाल्याचं दुःख वीस वर्षांनीही चेहऱ्यावर होतं. मला ते आवडलं.

पोरा

निघताना त्यांनी एक बाटली हातात दिली. मी ती कपड्यांत गुंडाळून रावेरला आणली. मे महिना, पारा ४५वर. घरात ठेवली असती तर आठवड्यात तिचा काढा झाला असता. शेवटी चुलतभावाच्या केळी पिकवायच्या चेंबरमध्ये जागा मिळाली. तिथं तापमान सोळा-सतराच्या आसपास असतं. केळीच्या क्रेटच्या मागं तिला आडवी झोपवली.

त्याआधी ती आबांना दाखवली. माळकरी माणूस, मला वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "मोठ्या अक्षरात काय लिव्हेल आहे?"

"पोरा."

"काय?"

"पोरा. टेकडीचं नाव आहे, आबा."

ते हसले. मग खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं: किती बाटल्या भरल्या तो आकडा आणि ज्यांच्या बागेतली द्राक्षं त्या लोकांची नावं. आबांनी ती नावं मला एकेक करून वाचायला लावली. माझे उच्चार चुकत असणार, पण त्यांनी फ्रूटसेलच्या हजेरीसारखी सगळी ऐकून घेतली.

जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खोक्यावर जिल्ह्याचं नाव यायला तेव्हापासून हक्काचा आधार आहे. गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव अजून कुठं दिसत नाही. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशानं २०२२मध्ये मोहाच्या पारंपरिक दारूसाठी धोरण आणलं आणि अलीराजपूर, दिंडोरीकडच्या आदिवासी बचतगटांना ती गाळून विकायची परवानगी दिली. आमच्याकडे १८७८च्या कायद्यानं जी घरी गाळणं गुन्हा ठरलं, ती तिकडे आता लेबल लावून विकायची. ते गट टिकतील का, नफा कुणाकडे जाईल, हे बघावं लागेल. देवीच्या चळवळीतल्या बायकांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता.

आबांनी बाटली परत दिली आणि पेटी उघडून तो १९७४चा दाखला काढला. त्यावर त्यांचं पूर्ण नाव, गाव, अनुक्रमांक, सगळं होतं. वळणदार अक्षरात, शाईनं.

"आमचंही लिव्हेल होतं," ते म्हणाले. मग घडी घालून तो पुन्हा आत ठेवला आणि विचारलं, "ती बाटली कधी फोडायची म्हणतो?"

मी म्हटलं, दहा वर्षं तरी मुरू द्यावी लागेल.

"मग असू दे," आबा म्हणाले. "चेंबरचं भाडं देजो मात्र भावाला."